आठवा दिवस

"घरी फोडणी बंद केलीय." निरोप एवढाच होता. कल्याणहून मिठाच्या खरेदीला आलेल्या माणसानं तो कोलशेतच्या चावडीपुढं उभ्याउभ्या सांगितला, कपाळावरचा घाम पुसला आणि प्यायला पाणी मागितलं. गोपीनाथच्या डाव्या हातात त्या वेळी एका आगऱ्याच्या पोराचा दंड होता आणि उजव्या हातात नस्तर. पोरानं रडायला तोंड उघडलं होतं, पण भोवतालच्या बायका एकदम गप्प झाल्या तसं तेही रडायचं विसरलं. फोडणी बंद म्हणजे काय हे त्या बायकांना सांगायला नको होतं. ज्या घरात देवी येतात त्या घरात तेल तापत नाही, मोहरी तडतडत नाही, कुणी केस विंचरत नाही, कुणी पायात वहाण घालत नाही. आई अंगावर आलेली असते आणि तिला तळणाचा वास खपत नाही. रोगाचं नाव कुणी घेत नाही. फोडणीचं नाव घेतात आणि ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. गोपीनाथ सरकारी देवी काढणारा होता. गावोगावी फिरून लहान मुलांच्या दंडावर लस टोचायची म्हणजे पुढं तो रोग येत नाही, हे त्याचं नऊ वर्षांचं काम. हीच गोष्ट तो या बायकांना सकाळपासून घसा कोरडा होईतो पटवत होता, आणि त्यांच्याच देखत त्याच्या घरची फोडणी बंद झाली होती. एखादी तरी फिसकन हसेल असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. एकीनं हात जोडले, आणि ते त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"कुणाला?" त्यानं विचारलं. "ते काय सांगितलं नाय. रस्त्यात तुमच्या शेजारचे श्रीपादपंत भेटले, म्हणाले कोलशेतला चाललास तर एवढं सांग." विचारायची गरज तरी काय होती? घरात म्हातारी आई, बायको रतन आणि चार वर्षांची बकू. आईच्या तोंडावर जुन्या देवीचे वण होते, रतनला लहानपणीच येऊन गेल्या होत्या. उरली कोण? तरी त्यानं हातातल्या दंडावर चार टोचे नेमके मारले, लस लावली, पोराच्या आईला सांगितलं की वाऱ्यावर सुकू दे, पुसू नकोस. हात कापला नाही. याचा त्याला क्षणभर अभिमान वाटला आणि मग स्वतःचीच शिसारी आली. पेटी बंद करून तो निघाला तेव्हा सूर्य डोक्यावर यायला आला होता. ठाण्याचं स्टेशन दोन कोस, साडेबाराची आगगाडी काही केल्या मिळाली नसती, पुढची संध्याकाळी. बंदरावर दगडू तांडेलाचा मिठाचा मचवा भरतीची वाट पाहत होता. पाणी चढलं की सुटेल आणि दिवस मावळायच्या आत कल्याणला लागेल, असं तांडेल म्हणाला. गोपीनाथ मचव्यात चढला. अठराशे त्र्याऐंशी सालचा फाल्गुन होता तो, मिठागरांत राशी पांढऱ्याफेक पडलेल्या, त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मचवा सुटल्यावर त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, दिवसांचा. घर सोडून त्याला पाच दिवस झाले होते. निघताना बकू ओट्यावर उड्या मारत होती. त्याच दिवशी संध्याकाळी ताप आला असं धरलं तर तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी पुरळ, म्हणजे काल. काल पुरळ दिसला असेल आणि आज सकाळी आईनं फोडणी बंद केली असेल. हिशेब जुळत होता आणि तो जुळू नये म्हणून तो धडपडत होता. कांजिण्या असतील. कांजिण्यांनासुद्धा लोक फोडणी बंद करतात, गोवराला करतात, आईला काय, अंगावर चार पुटकुळ्या दिसल्या की झालं. शिवाय बकूची देवी काढलेली होती. त्यानं स्वतः काढली होती, स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या नस्तरानं. काढलेल्याला सहसा येत नाही. आली तर हलकी येते, वण राहत नाहीत, जिवाला धोका नाही. हे त्यानं किती गावांत किती वेळा सांगितलं असेल! पण हे वाक्य मनात म्हणताना त्याची जीभ दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होती. काढली होती हे खरं. लागली होती का?

तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ त्याला नको असताना दिसू लागली. आदल्या दिवशी दुपारी त्यानं बकूला टोचलं होतं. शेजारच्या सुताराच्या मुलाच्या दंडावर टपोरा फोड आला होता, त्यातली लस काढून बकूच्या दंडाला लावली. रतन मुलीला मांडीवर घेऊन मान खाली घालून बसली होती, आई दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तो फिरतीवर निघाला आणि तोंड धुवायला परसात गेला तेव्हा दोरीवर एक फडकं वाळत घातलेलं दिसलं. वीतभर, ओलं, मधोमध पुसट तांबूस डाग. तो त्या फडक्याकडं पाहत उभा राहिला. गावोगावी बायका काय करतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? देवी काढणाऱ्याची पाठ फिरली की कडुलिंबाच्या पाण्यात फडकं बुडवायचं आणि मुलाचा दंड खसाखस पुसून काढायचा. सरकारचंही मन राखायचं आणि देवीचंही. पुसलेला दंड सुकतो, ओरखड्याला बारीक खपली धरते, ती पडते, बस. म्हणून तर आठव्या दिवशी जातीनं जाऊन दंड बघायचा असा नेम होता; लागली असेल तर टपोरा फोड दिसतो, नसेल तर तिथल्या तिथं पुन्हा टोचायचं. हा नेम गोपीनाथनं नऊ वर्षांत एकदाच मोडला, आणि तो स्वतःच्या घरी.

आठव्या दिवशी तो डोंबिवलीला होता. कल्याण तिथून दोन कोस. दुपारी काम उरकलं होतं. तिथल्या पाटलानं म्हटलं, राहा आज, आणि तो राहिला. का राहिला, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. घरी गेलं की दंड बघावा लागणार, दंड बघितला की फडक्याचं विचारावं लागणार, आणि फडक्याचं विचारलं की आईशी उभा दावा. वडील गेल्यावर जिनं लोकांचे पापड लाटून त्याला इंग्रजी चौथीपर्यंत शिकवलं तिला तो काय विचारणार होता? तेराव्या दिवशी तो घरी गेला. आई आतून म्हणाली, "खपली धरली होती रे, परवा पडली." रतननं मुलीची बाही वर केली, दिव्याच्या उजेडात त्यानं एक पांढुरका ठिपका पाहिला, मान हलवली, आणि वहीत "लागली" असं लिहून टाकलं. खरा वण कसा असतो हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. नखानं दाबल्यासारखा खोलगट, तळाशी बारीक टिंबं. त्या ठिपक्यात तसलं काही नव्हतं. त्यानंतर तीन वर्षं त्यानं मुलीचा तो दंड कधी नीट पाहिला नाही, आणि आईशी तो गरजेपुरतं बोलू लागला. तिनं कधी विचारलं नाही की, गोपी, असं का. तिनं विचारलं नाही यावरून तर त्याची खात्रीच पटली होती.

"घे, खा वाईच." समोरून आवाज आला. मिठाच्या गोण्यांना टेकून एक आगरी म्हातारी बसली होती. बाळकुमची, नाव आवडाबाई, असं तांडेलाशी चाललेल्या तिच्या बोलण्यातून त्याच्या कानावर आलं होतं. डोंबिवलीला लेकीकडं निघाली होती. तिनं गाठोडं सोडून तांदळाचे वडे काढले होते, तळलेले, आणि दोन त्याच्यापुढं धरले होते. वास आला तसं त्यानं तोंड फिरवलं. "नको आजी, भूक नाही," तो म्हणाला. म्हातारीनं हात मागं घेतला नाही. "भूक नाय, का आज तेल चालत नाय?"

तो दचकला. "जोडं हातान घेवून चरलास मचव्यात," ती म्हणाली. "मना वाटलं, चिखुल हाय म्हनून. आता मांडीवर घेवून बसलास. जोडं कोन मांडीवर घेतंय?" गोपीनाथनं खाली पाहिलं. खरंच, पेटी बाजूला होती आणि जोडे मांडीवर होते. चावडीपासून बंदरापर्यंतची तापलेली वाट तो अनवाणी चालत आला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. आता कळल्यावर तळवे भाजल्यासारखे झोंबू लागले. कधी काढले त्यानं जोडे? निरोप ऐकल्यावर लगेच? त्या बायकांच्या देखत? ज्याच्या पेटीत लस होती, ज्याच्या खिशात साहेबाच्या सहीचं सर्टिफिकेट होतं, त्याचे पाय त्याला न विचारता देवीच्या आगमनाला मान देऊन मोकळे झाले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जोडे खाली ठेवणार होता, पण घालणं काही त्याच्यानं झालं नाही.

"कोनाला आलीय आई?" म्हातारीनं हळूच विचारलं.

"मुलीला. चार वर्षांची आहे."

तिनं वडे परत बांधले, गाठ मारली आणि स्वतःही खाल्ले नाहीत. वारा पडला होता, दगडूचे दोघे गडी वल्ही मारत होते, भरतीचं पाणी दोन्ही काठांच्या तिवरांच्या झाडीत शिरत होतं. मग तिनं विचारलं, तू काय काम करतोस, आणि गोपीनाथच्या तोंडून गेलं, "कारकून आहे. कचेरीत." खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. पण ते बोलल्यावर मचव्यात पेटी एवढी मोठी दिसायला लागली, की तिच्यावर उपरणं टाकावं असं त्याला वाटलं.

मुंब्र्याच्या डोंगराखाली आल्यावर काठाकाठानं आगगाडी आली. धूर ओकत, शिट्टी देत ती डोंगराला वळसा घालून कल्याणकडं निघून गेली आणि तांडेल सहज म्हणाला, "आज गाडीला लई उशीर झाला. साडेबाराची दिसतंय." गोपीनाथ ताडकन उभा राहिला, मचवा डुलला, गडी ओरडले. म्हणजे ती ठाण्याला खोळंबून राहिली होती. तो धावत सुटला असता तर मिळाली असती, आत्ता तिच्यात असता, तासाभरात घरी असता. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. आणि मग, इतक्या अस्वस्थपणातही, त्याच्या मनाच्या तळाशी काहीतरी सैल झालं. अजून घर आलेलं नाही, अजून दोन तास तरी दंड बघायचा नाही, अशी एक हलकट सुटका. ती त्यानं ओळखली. डोंबिवलीला पाटलाकडं राहिला होता त्या संध्याकाळी अशीच आली होती.

"बस खाली," आवडाबाई म्हणाली. तो बसला तशी ती जरा पुढं सरकली. "तुना येक इचारू? तू कारकून नाय. तुजी पेटी मी ओलखतंय. मागचे सालाला आमचे बालकुमला आलंवतास तू. आमचे वट्यावं बसून दोन पोरांची देवी कारलीस. माजा नातू तानाजी नि नात शेवंती. जुलीच होती." त्याला आठवलं नाही. असे ओटे शेकड्यांनी होते. त्यानं फक्त हो म्हणून मान हलवली. खोटं पकडलं गेल्याची लाज वाटायची, पण तीही वाटेना, इतका तो तिच्या पुढच्या वाक्याला घाबरला होता.

"तू ग्येलास नि मी फडका भिजवला," ती सांगू लागली, एखादी स्वैपाकाची गोष्ट सांगावी तशी. "शेवंतीचा हात पुसला. चांगला पुसला. मंग तान्याला धरायला ग्येलू तं त्यो बापाचे कुशीत झोपलाला. बाप बोलला, र्‍हाव दे गं आय, झोपलाय. मी बोललू, उठला का पुसंन. नि इसरलू. तुजे आठवे दिवशी तू आलास तवा शेवंतीला मी मामाकरं पाठवली व्हती, तान्याचा हात तू बगितलास नि ग्येलास. मंग दिवालीचे आदी आई आली घरान. शेवंतीला न्हेली. सात दिवस मी उशाला बसलू, लिंबाचा पाला फिरवला, काय चुकवला नाय. तान्या तिचेच चटईवं झोपायचा, मी वढून काराची तरी जायचा. त्याला येक फोर पन नाय." ती थांबली. तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "आता तू सांग. तू शिकलाला हास, हेच काम करतस. मी पुसलं म्हनून ग्येली का ती? का मी येक पोर आईचे वटीन घातली नि येक तुजे सरकारला दिली, म्हनून आईला राग आला? रातचे मना झोप नाय. येक काय तं सांग."

गोपीनाथनं पाण्याकडं पाहिलं. नऊ वर्षांत बायकांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, अंगावर कुत्री सोडली होती, पाया पडल्या होत्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर त्याला पाठ होतं. हो, पुसलंस म्हणून गेली. तान्याला लागली म्हणून तो वाचला. यात राग नाही, लोभ नाही, आई नाही. एवढं सरळ उत्तर, आणि ते याच म्हातारीला, नातीच्या उशाशी सात दिवस पाला फिरवलेल्या बाईला, तोंडावर कसं द्यायचं? आणि ते दिलं तर तेच उत्तर कल्याणला त्याच्या आधी पोचणार नव्हतं का? पुसलं म्हणून गेली, हे एकदा तोंडातून निघालं की बकूच्या दंडावरचा तो गुळगुळीत ठिपका, दोरीवरचं फडकं, सगळं एका ओळीत उभं राहणार होतं. त्याला म्हातारीची दया आली की स्वतःची, हे त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं. दया खरी होती, भीतीही खरी होती. "नाही, आजी," तो म्हणाला. "पुसलं म्हणून नाही गेली. पुष्कळदा लागतच नाही. नशिबाची गोष्ट असते."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा इतका मोकळा झाला, की गोपीनाथला क्षणभर वाटलं, आपण आज पहिल्यांदा कुणाचं तरी भलं केलं. "बरा झाला सांगितलास," ती म्हणाली. "माजे लेकीला पोर झालाय, चार म्हैन्याचा. म्होरचे म्हैन्यान तिथं देवीवाला येनार हाय. ती बोलली, आय, काय करू? आता सांगतंय तिला, पुस म्हनून. आईचा मान र्‍हाईल."

"नको!" तो जवळजवळ ओरडला. दगडू तांडेलानं वळून पाहिलं. "पुसू देऊ नको, आजी. तुला हात जोडतो. आठ दिवस दंडाला पाणी लागू देऊ नको. काही झालं तरी पुसू नको."

आवडाबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्याला तिची नजर चुकवता आली नाही. पाण्याचा, वल्ह्यांचा, दूर कुठं टिटवीचा आवाज येत होता आणि त्या आवाजांत ती दोन वाक्यं एकमेकांसमोर उभी होती, त्याचीच दोन्ही. "दोनी कशी खरी र्‍हातील रं?" ती शेवटी म्हणाली. तिनं पदर तोंडावर घेतला आणि ती रडली, आवाज न करता, पाठ गदगदत. गोपीनाथला वाटलं, खरं एकदम सांगितलं असतं तर तिला एकच घाव बसला असता; आपण आधी तिला सोडवलं आणि मग पुन्हा बांधलं. देवावर विश्वास ठेवणारी माणसं त्यानं पाहिली होती, लसीवर ठेवणारा साहेब पाहिला होता. आपला कशावर आहे? लसीवर असता तर आठव्या दिवशी तो डोंबिवलीहून धावत गेला असता. देवीवर असता तर त्यानं टोचलंच नसतं. नऊ वर्षं तो दुसऱ्यांना विश्वास ठेवा म्हणत फिरला आणि स्वतःच्या वेळेला त्यानं दोन्हींकडं पाठ फिरवून पाटलाकडचं जेवण जेवलं.

"आजी," तो म्हणाला, आणि आपण हे का सांगतो आहोत हे न कळून सांगत राहिला, "माझ्या मुलीचंही कुणीतरी पुसलं. मी फडकं पाहिलं होतं."

"कोन?"

"आई. माझी आई."

"तू इचारलास?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. म्हातारीनं डोळे कोरडे केले. मचवा डोंबिवलीच्या काठाला लागत होता. चार झोपड्या, रेतीचा ढीग, माडांची रांग. तिनं गाठोडं काखेत मारलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि चिखलात उतरायच्या आधी मागं वळून ती म्हणाली, "लेकीला सांगंन, पुसू नको. मना कललं. पन घरान ग्येल्यावं तू कोनाला बोलू नको. ज्यानं पुसलाय त्याला तुजे आदी म्हाईत हाय." मग ती गुडघाभर गाळातून चालू लागली. गोपीनाथला तिच्यामागं उडी मारून तिचे पाय धरावेसे वाटले. तो बसून राहिला.

कल्याणच्या बंदरात मचवा लागला तेव्हा दुर्गाडीच्या टेकडीवर अजून ऊन होतं. तिथल्या देवीच्या देवळाकडं न बघता तो घराकडं निघाला, मग थांबला, वळला, लांबूनच हात जोडले आणि पुन्हा निघाला. जोडे हातातच होते. दारावर कडुलिंबाचा डहाळा लावलेला होता. ओट्यावर श्रीपादपंत बसले होते. त्यांनी सरकून वाट दिली, आणि माणसं वाट कधी देतात हे गोपीनाथला ठाऊक असल्यामुळं तो उंबऱ्याशी थबकला. आत अंधारल्यासारखं होतं. आई मुलीच्या उशाशी बसून कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. त्याला बघून तिच्या वणांनी भरलेल्या चेहऱ्यावर उजेड आला. "आलास? बघ रे बाबा," ती म्हणाली. "सकाळपासून सगळ्या आळीच्या बायका येऊन रडून गेल्या. मी म्हटलं, रडता कशाला? माझ्या गोपीनं स्वतः काढलीय हिची. हलकी जाईल. एवढी विद्या शिकलाय तो, देवीआईलासुद्धा कळतं ते."

गोपीनाथ उभाच राहिला. ही बाई तीन वर्षं त्याच्या मुक्या रागाखाली गुपचूप राहिली होती आणि आज तिचा सगळा भरवसा त्याच्या नस्तरावर होता. तो खाली बसला. बकूचा चेहरा सुजला होता, पुरळ दाट होता, कपाळावर बोट ठेवायला जागा नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "माझी बाहुली आजीनं नेली." त्यानं तिची बाही वर केली. तीन वर्षांनी, दिवसाउजेडी, खिडकीतून येणाऱ्या शेवटच्या उन्हात त्यानं तो दंड पाहिला. फोडांच्या मधोमध तो पांढुरका ठिपका होता, गुळगुळीत, बांगडी लागून उठतो तेवढा. "लागली होती ना रे?" आईनं विचारलं. "हलकी जाईल," तो म्हणाला, आणि उठून परसात गेला, कारण तिच्यापुढं त्याला रडायचं नव्हतं.

परसात रतन होती. विहिरीच्या कट्ट्याशी, केस मोकळे, हातात पाण्याचा तांब्या, जणू तो येणार हे ठाऊक असल्यासारखी. तिला त्यानं स्वतः बाराखडी शिकवली होती, लस म्हणजे काय ते चित्र काढून समजावलं होतं, तिनं मान डोलावली होती. त्यांचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला तेव्हा ती दुर्गाडीवर जाऊन काय बोलून आली होती हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं त्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "मी पुसलं म्हणून का हो?" ती म्हणाली.

मचव्यातली म्हातारी, तिचा मोकळा झालेला चेहरा, मग पदराआड गदगदणारी पाठ, सगळं त्याच्यासमोरून गेलं. नाही म्हणणं सोपं होतं, आज एकदा म्हणून झालं होतं. हो म्हणणंही सोपं होतं. त्यानं कट्ट्याचा आधार घेतला. "आठव्या दिवशी मी हात बघायला हवा होता," तो म्हणाला. "बघितला असता तर कळलं असतं. पुन्हा टोचता आली असती. मी फडकं पाहिलं होतं, रतन. मला वाटलं, आईनं."

रतननं तांब्या खाली ठेवला. घरातून आईच्या डहाळीची सळसळ ऐकू येत होती. "मला वाटलं, तुम्ही बघाल," ती म्हणाली. "पुसल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती. आपण होऊन सांगायचा धीर होईना. म्हटलं, तुम्ही बघाल, रागवाल, पुन्हा टोचाल, म्हणजे देवीपुढंही मी खोटी नाही आणि तुमच्यापुढंही नाही. आठव्या दिवशी तिला उघड्या दंडांनी घेऊन मी ओट्यावर बसले होते. दिवे लागेपर्यंत बसले होते."